प्लास्टरच्या खोलीतली वही

औलू शहरात जानेवारीत उजाडायला दहा वाजतात.
तोवर माझ्या खोलीत
तीन मनगटं येऊन बसलेली असतात.
मी ओली पट्टी गुंडाळते, सांगते,
आता गरम लागेल, घाबरू नका,
आणि सहज विचारल्यासारखं विचारते,
बुटांखाली काटे होते?

काटे म्हणजे रबराचा पट्टा, त्याला पोलादी दाणे.
दुकानात गल्ल्याशेजारी टांगलेले असतात,
बॅटऱ्यांच्या खाली.

वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने.
होते. नव्हते.
महिनाअखेर सहा. आणि पस्तीस.

गुरुवार होता, म्हणजे मटारचं सूप.
वाडग्याशेजारी मी वही उघडी ठेवली.
"बघा. अजून काय पुरावा हवा?"
तूक्का, आमचा नवा डॉक्टर,
पावाला लोणी लावता लावता म्हणाला,
"इर्मेली, जे पडलेच नाहीत
त्यांच्या पायांत काय होतं?"

सव्वीस वर्षं हाडं बांधतेय मी.
राग आला.
सूप संपेपर्यंत टिकला.

मंगळवारी सुट्टी होती. उणे चौदा.
बाजारचौकात बसथांब्याच्या काचेआड उभी राहिले,
कुणाच्या तोंडाकडे न बघता पाय मोजले.
एकशे ऐंशी माणसं. काटेवाली वीस.
म्हणजे नवांत एक.
आणि माझ्या खोलीत एकेचाळिसांत सहा,
म्हणजे जवळजवळ सातांत एक.

काटेवालेच जास्त पडतात की काय?
पेन केव्हाच गोठलं होतं,
आता पेन्सिलही थांबली.

मग त्या पायांवरची माणसं आठवून पाहिली.
बहुतेक म्हाताऱ्या, काठीवाल्या,
एकदा तरी आपटलेल्या.
त्यातल्या सिल्वी रांतालाचा डावा हात
गेल्या नाताळात मीच बांधला होता.
पुढच्याला ठेच, मागचा शहाणा, म्हणतात.
इथे ज्याला ठेच तोच शहाणा,
आणि शहाणपण पायांत चढवलं की
पूर्वी टाळायचा तो नदीकाठचा उतारही
बिनधास्त उतरतो.

आणि वेइक्को? अख्खा बर्फ नीट पार करून आला,
औषधाच्या दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर
काट्यांसकट घसरला.
त्याला कुठल्या रकान्यात बसवू?

शिवाय नऊ तारीख.
पाऊस पडला आणि पडल्या पडल्या गोठला,
नगरपालिकेची खडीची गाडी दुपारी आली,
एका दिवसात चौदा मनगटं.
त्या दिवशी रस्त्यावरचे पाय कोण मोजणार होतं?
मी पट्ट्या भिजवत होते.

रात्री आईचा फोन. शहाऐंशी वर्षांची आहे.
"तुझी वही काय म्हणते गं? घालू का काटे?"
नमुना लहान आहे, असं ओठांवर आलं होतं.
"घाल," म्हटलं. "दुकानाच्या दारात काढ.
कठडा धर. घाई करू नको."
"एवढं सगळं आहे वहीत?"
"नाही."
ती हसली.
"मला कशाला काटे. डिसेंबरपासून
मी बाहेरच पडलेली नाही."

मी फोन ठेवला
आणि पट्टी घेऊन तिसरा रकाना आखला.
त्याला काय नाव द्यावं सुचेना.
जे पडत नाहीत, कारण बाहेरच पडत नाहीत;
ज्यांचं मनगट शाबूत आहे
आणि ज्यांच्या दारातल्या बर्फावर
फक्त टपालवाल्याची पावलं.

शनिवारी नवी जोडी घेऊन गेले.
थंडीनं रबर आखडलेलं,
मी गुडघ्यांवर बसून ओढतेय,
आई माझ्या डोक्यावर तळवा टेकवून उभी.
टपालपेटीपर्यंत चाळीस पावलं.
दाणे बर्फात रुतायचे, कुरकुर करून सुटायचे.
पेटीत फक्त विजेचं बिल.
परतताना ती म्हणाली,
"पडले नाही. लिही आता."

लिहिलं.
शेजारी, बारीक अक्षरात:
कोपर धरलं होतं.